माणूस ठाण्यात आला ती वेळ लिहा : ठाणे अंमलदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांमधले ठाणे अंमलदार, दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे दोन्ही.

नमस्कार.

हे पत्र एसपी साहेबांना लिही, मंत्र्यांना लिही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण मला तुम्हालाच लिहायचंय, कारण स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातल्या घडामोडींची रोजची नोंदवही, तुमच्यासमोर असते आणि पेन तुमच्या हातात असतो. कोणाला किती वाजता आणलं, कोणी आणलं, कशासाठी आणलं हे कागदावर येणार की नाही ते तुमच्या टेबलावर ठरतं. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत ते आलं नाही.

चार वर्षं झाली त्याला. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण नंतर ज्या ज्या ठाण्यांत जायची वेळ आली तिथं कमीजास्त हेच बघितलं. भाऊ छोटा हत्ती चालवतो, बाजारात भाजीची भाडी मारतो. मंगळवारी बाजार उठल्यावर संध्याकाळी सातच्या सुमाराला स्टँडवर साध्या कपड्यातले दोघं आले, डीबीचे, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचे होते, विहिरीवरच्या मोटारी चोरीला जातायत आणि तुझी गाडी त्या रस्त्याला दिसली होती, चल जरा चौकशी आहे, अर्ध्या तासात सोडतो म्हणाले आणि घेऊन गेले, मोबाईल काढून घेतला. आम्हाला कोणी कळवलं नाही. नऊ वाजता चहावाल्याच्या पोरानं येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

मी आणि अण्णा ठाण्यात गेलो. तिथले ठाणे अंमलदार वाईट माणूस नव्हते हे मी आजही सांगते, बसा म्हणाले, पाणी विचारलं. मी विचारलं काय गुन्हा आहे त्याच्यावर, तर म्हणाले, "अटक नाहीये ताई, नुसतं चौकशीला बसवलंय, साहेब आले की सोडतील." साहेब बंदोबस्ताला गेले होते. मी विचारलं अटक नाहीये तर मग घरी नेऊ का त्याला आत्ता, तर म्हणाले तसं नाही जमणार. मी डबा नेला होता, तो पहाऱ्यावरच्या शिपायानं आत नेला आणि थोड्या वेळानं रिकामा आणून दिला. बुधवार पूर्ण गेला. बुधवारी रात्री परत डबा. गुरुवारी दुपारी अडीचला त्याला सोडलं, एका कागदावर सही घेतली, त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही. जवळपास साडेत्रेचाळीस तास झाले. मारलं का, तर दोन थपडा सोडून काही नाही म्हणाला, पण डीबीच्या खोलीत फरशीवर बसवून ठेवलं होतं आणि डोळा लागला की उठवायचे. त्या मोटारी कोणी चोरल्या ते आम्हाला माहीत नाही, भावावर त्याबद्दल कधीच गुन्हा दाखल झाला नाही.

पुढं मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की या दोन दिवसांत माझ्या भावाला कुठल्या कारणासाठी ठाण्यात ठेवलं होतं. उत्तर आलं, सदर इसमास अटक करण्यात आलेली नाही, सबब माहिती निरंक आहे, म्हणजे काहीच नाही. सीसीटीव्हीचं मागितलं तर तांत्रिक बिघाड. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर माझा भाऊ त्या दोन रात्री ठाण्यात नव्हताच. घरी नव्हता, गाडीवर नव्हता, आणि ठाण्यातही नव्हता. त्या शब्दानं, निरंक, मला जेवढा त्रास झाला तेवढा त्या दोन रात्रींनीही नाही झाला, खरं सांगते. आईनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं मग आपण डबा कोणाला दिला.

त्यानंतर मी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीकडं विधी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, ट्रेनिंग झालं, आता कोणाला उचललं की मला फोन येतो. मी वकील नाही. पण जे शिकले ते वकिलांकडून नीट समजून घेतलंय आणि तेच तुमच्यापुढं ठेवतेय.

पहिलं म्हणजे हे "अटक नाही, चौकशी आहे" हे वाक्य. मला वाटायचं यात खरंच काहीतरी कायदेशीर फरक असेल. तर मुंबई हायकोर्टानंच १९९० साली, अशक हुसेन अल्लाह देठा नावाची कस्टम्सची केस आहे, त्यात स्वच्छ सांगून ठेवलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू होते, अधिकाऱ्यानं कागदावर कुठली वेळ टाकली त्यावरून नाही. उठून घरी जाता येत नाही ना, मग ती अटकच. त्या दिवशी ठाणे अंमलदारांनी मला "तसं नाही जमणार" म्हटलं तिथंच उत्तर मिळालं होतं, फक्त मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि एकदा अटक म्हटली की घड्याळ चालू होतं. राज्यघटनेचं २२ वं कलम, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५८, जुन्या सीआरपीसीत, म्हणजे क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये, ५७. २४ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. रविवार असला, सुट्टी असली, साहेब बंदोबस्ताला असले तरी ते घड्याळ थांबत नाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा निर्णय द्यायला, मॅजिस्ट्रेट असतात. हे २२ वं कलम आलं कसं ते मला ट्रेनिंगमध्ये कळलं आणि अंगावर काटा आला. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते संविधान सभेत १५-अ म्हणून मांडलं, आणि तेव्हाच सांगितलं होतं की या तरतुदी क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये आधीपासून आहेतच, पण घटनेत घातल्या की कुठल्याही विधिमंडळाला त्या सहज काढून टाकता येणार नाहीत. म्हणजे ज्यांनी घटना लिहिली त्यांना पक्कं माहीत होतं की ही गोष्ट कधीतरी कोणाला तरी अडचणीची वाटणार आहे.

दुसरी एक केस आमच्या वकील मॅडमनी मला वाचून दाखवली आणि मला वाटलं ही आमचीच गोष्ट आहे. जोगिंदर कुमार, गाझियाबादचा २८ वर्षांचा तरुण वकील. १९९४ च्या जानेवारीत त्याला पोलिसांनी चौकशीला बोलावलं, घरच्यांना आज सोडतो उद्या सोडतो सांगत राहिले, त्याच्या भावाची पळापळ चालू, शेवटी घरचे सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टानं विचारलं पाच दिवस का ठेवलं, तर तिथले एसएसपी, म्हणजे वरिष्ठ पोलीस अधीक्षक, म्हणाले की तो अटकेत नव्हताच, काही अपहरणाच्या केसेसमध्ये आम्ही त्याची मदत घेत होतो. कोर्टानं त्या निकालात सांगितलं की अटक करायचा अधिकार असणं ही एक गोष्ट आणि तो वापरायला कारण असणं ही वेगळी गोष्ट, आणि अटक झाल्यावर घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला कळवायलाच पाहिजे.

मग अटक करताना काय पाळायचं ते सांगणारा १९९६ चा डी. के. बसू निकाल, तो तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ असणार कारण बऱ्याच ठाण्यांत भिंतीवर लावलेला असतो. त्याची सुरुवात एका पत्रानं झाली हे मात्र मला माहीत नव्हतं. ऑगस्ट १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या लीगल एड संस्थेच्या दिलीप कुमार बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या बघून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. आपल्याकडं त्याच्या आधी पत्रकार शीला बारसे मुंबईच्या जेलमध्ये १५ बायकांना भेटल्या, त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं, त्यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये महाराष्ट्रासाठी आदेश निघाले. ओडिशात नीलाबती बेहेरा या आईनं मुलगा कोठडीत मेल्यावर पत्र लिहिलं, तिला १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली सरकारला. मी काही कोर्टाला लिहीत नाहीये, पण पत्र लिहायला बसले तेव्हा या तिघांचा आधार वाटला.

बसू निकालात जे सांगितलं ते आता थेट कायद्यात आहे, संहितेचं ३६ कलम बघा. अटक करणाऱ्याच्या नावाची पाटी दिसली पाहिजे, अटकेचा मेमो तिथंच व्हायला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या चांगल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही. ३७ मध्ये प्रत्येक ठाण्यात एएसआयच्या, म्हणजे सहायक फौजदाराच्या, खालचा नाही असा एक अधिकारी नेमायचा, अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्हा काय ते सगळं त्याच्याकडं, आणि ते ठाण्यात दिसेल असं लावायचं. ३८ मध्ये चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ बसू देत नाहीत पण भेट नाकारता येत नाही. ४८ मध्ये घरच्यांना कळवायचं आणि कोणाला कळवलं ते ठाण्याच्या वहीत लिहायचं. या सगळ्याला एक धागा आहे तो म्हणजे लिहिणं. म्हणूनच माझं म्हणणं आहे की "चौकशीला बसवलंय" म्हटलं की ही सगळी कलमं एका झटक्यात बाहेर राहतात, कारण लिहायला अटकच नाही.

तुमच्यातले काही मला म्हणतात, ताई मग गुन्हे उघड कसे करायचे, विचारपूस तर करायलाच लागणार. करा ना. मोटारी चोरीला गेल्या की शेतकऱ्याचं किती नुकसान होतं ते आम्हालाही कळतं, आमच्याच मामांची मोटार गेली होती ऐन उन्हाळ्यात, ऊस डोळ्यादेखत वाळला. पण त्यासाठी कायद्यानं तुम्हाला रस्ते दिलेत. साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर संहितेच्या १७९ कलमाखाली लेखी आदेश काढून बोलवा, आणि त्यातही बाई असेल, ६० च्या वरचा किंवा १५ च्या आतला पुरुष असेल, अपंग किंवा फार आजारी माणूस असेल तर त्याला ठाण्यात बोलवायचंच नाही, त्याच्या घरी जाऊन विचारायचं. संशयित असेल आणि अटकेची गरज नसेल तर ३५ खाली सूचनापत्र द्या, तारीख द्या, तो येईल. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही हे तर २०१४ पासून, अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे, आणि ते सूचनापत्र व्हॉट्सअपवर पाठवून चालत नाही हेही सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जानेवारीत सांगितलंय. आणि खरंच अटक लागणार असेल तर करा अटक, मेमो करा, मेडिकल करा, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करून पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागा, कारण पटलं तर मॅजिस्ट्रेट देतात. यातल्या प्रत्येक रस्त्यावर कुठंतरी कागद आहे. फक्त बिनानोंदीचा बाक कायद्यात कुठंच नाही.

आता मला एक दुसरा प्रसंग सांगायचाय, तो भावाच्या प्रसंगापेक्षा जास्त छळतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला रात्री आठला फोन आला, पारधी वस्तीवरनं, एका बाईला आणि तिच्या सासूला ठाण्यात नेलंय. नवरा सापडत नव्हता, त्याच्यावर घरफोडीचा संशय, तो हजर झाला की तुम्हाला सोडू असं सांगून दोघींना बसवलं होतं. बाईच्या कडेला आठ महिन्यांचं पोर. सासूचं वय काही नाही म्हटलं तरी पासष्ट असेल. मी गेले तेव्हा ठाणे अंमलदार नवीन होते, तरुण, मी विचारलं या दोघींवर काय गुन्हा आहे तर म्हणाले काही नाही. नवऱ्याच्या बदली बायकोला बसवायचं हे कुठल्या कलमात बसतं? कुठल्याच नाही. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी बाईला अटक करायची तर तसंच मोठं कारण लागतं, महिला अधिकाऱ्यानं आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी काढावी लागते, हे संहितेच्या ४३ मध्ये लिहिलंय. इथं तर अटकच नव्हती दाखवलेली, कारण दाखवता येण्यासारखी नव्हतीच.

मी तिथं आवाज चढवला नाही. मी १५१०० ला, लीगल एडच्या हेल्पलाईनला फोन लावला, आमच्या वकील मॅडमना फोन लावला, आणि त्या तरुण अंमलदारांना एवढंच म्हटलं की दादा, या दोघी कधीपासून इथं आहेत ती वेळ डायरीत लिहा, बाकी मी काही मागत नाही. ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग आत गेले, कोणाशी तरी बोलले, बाहेर आले आणि म्हणाले, घेऊन जा यांना. वेळ काही लिहिली नाही, पण लिहायची वेळ आली म्हटल्यावर दहा मिनिटांत दोघी बाहेर होत्या. त्या दिवशी मला त्या डायरीची ताकद कळली.

जाताना सासू म्हणाली आमच्याकडं हे नवीन नाही, माझ्या सासूलाही असंच बसवायचे. इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला, त्या सुटकेचा म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात अजून वस्तीवर. कायदा जाऊन सत्तर वर्षांच्या वर झाली पण चोरी झाली की पहिली गाडी त्याच वस्तीवर जाते. आणि त्यांना अटकेची कारणं सांगितली तरी कोणत्या भाषेत सांगतो आपण? त्या म्हातारीला "सदर इसमाविरुद्ध सबळ पुरावा" यातलं एक अक्षर कळत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वरळीच्या गाडी अपघाताच्या केसमधनं सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, अगदीच तिथल्या तिथं जमलं नाही तर तोंडी सांगायची आणि रिमांडला उभं करायच्या किमान २ तास आधी लेखी हातात पडली पाहिजेत. नाहीतर अटकच बेकायदा. कृपा करून हा निकाल मराठीत करून ठाण्यात लावा, आणि वस्तीवरच्या माणसाला त्याच्या बोलीत सांगणारं कोणी तरी बोलवा, माणसं मिळतात, मी स्वतः दोघांची नावं देते.

सीसीटीव्हीचंही बोलते कारण ते तुमच्या बाजूचं आहे. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक ठाण्यात, आतबाहेर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात कॅमेरे पाहिजेत आणि फुटेज १८ महिने ठेवायचं. कॅमेरा चालू असेल तर तुमच्यावर उद्या कोणी खोटा आरोप केला तर तुम्हीच वाचता. बंद असेल तर तुमच्याकडं दाखवायला काय आहे?

हेही मला माहीत आहे की डायरी तुमच्यासमोर असली तरी सांगणारे वेगळे असतात. बारा बारा तास ड्युटी, सण आला की सुट्टी नाही, डीबीवाले येऊन म्हणतात याची नोंद नको आत्ता, साहेबांना विचार, आणि साहेबांना नाही म्हणायची कोणाची हिंमत असते. एका महिला हवालदार ताईंनी मला भावाच्या वेळी कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं होतं, नुसत्या बसू नका, वकील आणा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांना ते मोठ्यानं सांगता आलं नाही. मी त्यांची आयुष्यभर आभारी आहे.

पण उद्या बाकावरच्या माणसाला काही झालं तर काय होतं तेही आपण बघितलंय. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये एक तरुण कोठडीत गेला, पोलिसांनी सांगितलं पळून गेला, आणि नंतर बाहेर आलं की त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. ठाण्यातल्याच लोकांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. कायद्याच्या विरुद्ध आहे हे माहीत असून अधिकारात असलेल्यानं माणसाला डांबून ठेवलं तर भारतीय न्याय संहितेच्या २५८ कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा कोणी विचारणार नाही की तुम्हाला कोणी सांगितलं होतं, विचारणार की त्या वेळी टेबलावर कोण होतं.

म्हणून मागणी एवढीच आहे. माणूस ठाण्याच्या दारातून आत आला, मग तो चौकशीला असो, साक्षीदार असो, संशयित असो, त्याचं नाव आणि आल्याची वेळ डायरीत लिहा. कोणी आणलं त्याचं नाव लिहा. घरच्यांना फोन करा आणि कोणाला केला ते लिहा. तो जायला निघाला आणि तुम्ही थांबवलं तर तिथपासून अटक समजून मेमो करा. सोडलं तर सोडल्याची वेळ लिहा. नोंद नको म्हणणारा कोणी आला तर त्याला म्हणा, तुम्ही तसं लिहून द्या.

माझा भाऊ अजूनही बाजारतळाला जाताना ठाण्यासमोरनं गाडी नेत नाही, मागच्या पुलावरनं दोन किलोमीटरचा फेरा मारून जातो. मी एकदा विचारलं अरे आता कशाला घाबरतोस, काही केलं नाहीस तू, तर म्हणाला तेव्हाही नव्हतं केलं. मी तो निरंकवाला कागद जपून ठेवलाय. त्याच्या मागच्या बाजूला आईनं मला लिहायला लावलंय, मंगळवार संध्याकाळी सात ते गुरुवार दुपारी अडीच, डबे चार.

आपली,
एक बहीण आणि विधी स्वयंसेवक